एका दिवसाची फेड

कार्ले, ता. १२ एप्रिल १९१७

गेणू, माझ्या राजा,

तुझी अक्का जित्ती हाय, सोपान जित्ता हाय, म्हस गाभण हाय. झाली खुशाली. आता भांडू दे मला.

जाताना तू उंबऱ्यावरनं मागं बघितलं न्हाईस. मीबी हाक मारली न्हाई. तू रागात, मी तुझ्यापेक्षा रागात. 'सरकारच्या लढाईत तुझं काय अडलंय रं?' एवढंच इचारलं होतं मी, आन् तू पेटी उचलून चालता झालास. तुझा राग मुंबईच्या बंदरापातूर तरी टिकला का? माझा तर चूल पेटायच्या आत गेला, आन् मग बसले रडत. माझं बोलणं शाळंतले मास्तर कागदावर उतरवत्यात, त्यांनी हे लिवलंय का बघ. लिवलं नसंल तर मी सांगते, रडले.

मागल्या म्हयन्यात शाळंत साखर वाटली. बगदाद घेतलं म्हणं आपल्या पलटणींनी. मी साखर जिभंवर ठेवली आन् मास्तरांना इचारलं, घेतलं ना एकदाचं? मग आता पोरं घरला येणार? मास्तर म्हणाले, अजून पुढं जायचंय. पुढं कुटं? ते त्यांनाबी ठावं न्हाई. मास्तरांना ठावं न्हाई, पाटलाला ठावं न्हाई, लोणावळ्याच्या वकिलाला इचारलं तर तो मिशीतल्या मिशीत हसतो. ज्याला जायचंय त्याला तरी कुणी सांगितलंय का?

आता कामाचं बोलते. देवी आईच्या जत्रंत भरतीवाले आले होते. डोंगराच्या पायथ्याला तंबू, बाजा, लाल फेट्याचा जमादार. आपला सोपान तितं जाऊन छाती मोजून आला. आला तो कोंबड्यागत मान वर करून. 'अक्का, मी बसतो मापात!' म्हणं. (तो मला आई म्हणत न्हाई, तुझं ऐकून अक्काच म्हणतो, ते तुला ठावं हायच.) मी म्हणलं, मापात बसतोस तर गोठ्यात जाऊन बस, शेण काढायचं राहिलंय.

पण हसण्यावारी न्हाई रं न्यायचं हे. त्याचा बाप गेला तवा त्याला खांद्यावर घालून तू माझ्या सासरनं हितं आणलंस. त्याचं जावळ तुझ्या मांडीवर निघालं. तो माझं ऐकत न्हाई, गावाचं ऐकत न्हाई, पण तुझ्या शब्दाखाली हाय. त्यानं देवापुढं हात ठेवून सांगितलंय, मामानं 'येऊ नको' म्हणून लिवलं तर थांबतो, न्हाईतर आखाड सरला की नाव घालतो. तवा एवढं एक लिव. 'येऊ नको.' बाकी काय नाय लिवलंस तरी चालंल.

तुझी अक्का

*(गेणू, मी माधवराव मास्तर. अंबूबाई बोलतात तसंच लिहावं असा त्यांचा हुकूम आहे. सरकारी नोकरी आहे, म्हणून चार वाक्यं गाळली. त्यांना सांगू नकोस.)*


कार्ले, ता. १० जून १९१७

गेणू, लेकरा,

तुझं पत्र आलं. वर 'खुशाल', खाली 'खुशाल', आन् मधल्या वळींवर काळी शाई फासलेली. मास्तर म्हणाले, पलटणीतला साहेब पत्रं तपासतो, नको ते खोडतो. मी त्या काळ्यावरनं लय येळ बोट फिरवलं. तू काय लिवलं असशील ते मला कळतंय, पण सोपानला माझ्या बोटावर इश्वास न्हाई. त्याला 'खुशाल' तेवढं दिसलं. 'मामा मजेत हाय. येऊ नको म्हणत न्हाई, म्हणजे ये म्हणतोय.' असं म्हणून उड्या मारतंय कार्टं.

तुला दोष देत न्हाई हां. तू लिवलं असशील. ज्यानं पुसलं त्याच्या नावानं मात्र मी बोटं मोडली.

हितं चावडीवर रोज त्याच गोष्टी. अंबाजी आबा आता लय थकलेत, पण जीभ तशीच हाय. ते म्हणत होते, 'आधी सांगितलं, बेल्जम नावाचा एक गरीब देश हाय, त्याला थोरल्या शेजाऱ्यानं मारलं, सोडवाय जायचं. बरं बाबा, चांगलं काम. मग आपली पोरं बसऱ्याला कशी काय? वेहेरगावात घर पेटलं तर भुशीला जाऊन पाणी वततं का कोण?' पाटील म्हणाला, तितं तुर्क हाय, तो दुश्मनाचा दोस्त. आबा म्हणाले, 'तुर्कानं आपला कुठला बांध कोरला?' पाटील पागोटं सारखं करत उठला. सरकारनं सुचवलेलं हुतं तेवढं संपलं.

लोणावळ्याचा वकील एवढ्या दिवसांनी बोलला एकदाचा. तितं जमिनीत तेल हाय म्हणं. रॉकेल! दिवे लावायचं, आन् आता आगबोटीबी त्याच्यावर चालत्यात. त्याच्यापायी सगळं चाललंय, बाकीचं नुसतं तोंडानं बोलायचं. खरं का खोटं देव जाणे, वकील काय बघून न्हाई आला. पण मला झोप न्हाई लागली. गेणू, मी कंदील फुकून आतल्या खोलीत ठेवलाय. जलमभर अंधारात बसीन म्हणावं, रॉकेल घ्या, माझा भाऊ द्या. मास्तर हे लिवाय तयार नव्हते. मी म्हणलं, लिवा, साहेबाला शाई फासायला काय तरी नको का?

आपला तांबडा बैल पाय मोडून बसला. एका बैलावर खाचरांची चिखलणी व्हायची न्हाई. दुसऱ्याचा मागावा तर सगळ्यांच्या चिखलण्या एकाच घडीला. आबा म्हणाले, रडतीस कशाला, इर्जिक घाल. पोरगं लढाईवर असलेल्या घरची इर्जिक, गाव न्हाई म्हणायचं न्हाई. तवा आखाडात इर्जिक घालणार. माणसं नांगर-बैल घेऊन येतील, आपण पोटभर जेवायला घालायचं. तांदळाच्या भाकरी आन् कोंबड्याचा रस्सा. तुझा आवडता तो तुऱ्याचा कोंबडाबी जाणार. माफ कर, तो तसाबी लय माजला होता.

जपून रहा. उन्हात डोक्यावर फडकं घे. मास्तर म्हणतात तितं टोप्या देत्यात. टोपीच्या आत फडकं घे.

तुझी अक्का


कार्ले, ता. ८ जुलै १९१७

गेणू,

आज शिवी दे मला. माझ्या तोंडानं माझं घर बुडवलं.

सगळं सांगते. काल इर्जिक झाली. काय सांगू तुला, खाचरात नांगरांची अशी रांग लागली की बांधावर पाय ठेवाय जागा न्हाई. भलरी म्हणत म्हणत दुपारपातूर वरची खाचरं लोण्यागत झाली. ह्यो गेणूचा बांध, ह्यो गेणूचा दगड, असं तुझं नाव नांगराच्या दर तासाला निघत होतं. मला वाटलं, तू आवंदा हितंच हायस.

तेवढ्यात तो जत्रंतला जमादार आला. गावात गेला तर घरं मोकळी, सगळे गडी खाचरात. मग बूट चिखलात रुतवत थेट बांधावर. दत्तोबा शेलार नाव, वाईकडचा. बांधावर उभा राहून भाषण ठोकाय लागला. 'मंडळी, ही सरकारची इर्जिकच हाय असं समजा! एकानं हाक मारली, समद्यांनी जायचं.'

आबा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाले, 'जाऊ की. पण जमादार, इर्जिकीला जाताना शेत कुणाचं ते आधी कळतं. हे शेत कुणाचं? आन् पीक कुणाच्या कणगीत पडायचं?'

समदे हसले. जमादारबी हसला. माणूस वाईट न्हाई वाटला. उपाशी दिसत होता. मी म्हणलं, 'बसा जमादार, दोन घास खा. बांधावरच्या माणसाला उपाशी लावत न्हाई आमच्यात.' बसला, आन् असा जेवला की बस्स. कोंबड्याचं हाडसुद्धा सोडलं न्हाई.

आन् मग माझ्या जिभंला खाज सुटली. मी बायांकडं डोळा मारून म्हणलं, 'जमादार, आमच्या गावची रीत ठावं हाय का? इर्जिकीचं जो जेवला त्यानं नांगर धरलाच पायजे. फुकट जेवून जायचं न्हाई.' बाया खिदळल्या. मला वाटलं, लाजंल, निघून जाईल, भरतीचं नाव काढणार न्हाई.

त्यानं काय करावं? बूट काढले. पायाच्या पट्ट्या सोडल्या. लाल फेटा आबांच्या हातात दिला आन् उतरला चिखलात. गेणू, शेतकऱ्याचं पोर हाय ते! नांगर असा धरला जसा कालच सोडलाय. बैलांना नुसतं च्यक केलं की वळत होते. तिसऱ्या प्रहरापातूर तुझं ओढ्याकडचं अख्खं खाचर एकट्यानं चिखललं. भलरीत त्याचा आवाज समद्यांच्या वर. मला त्याचं लय कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

ओढ्यात पाय धुऊन वर आला आन् म्हणाला, 'अंबूबाई, रीत अर्धीच सांगितलीत. आमच्याकडं आणखी अर्धी असती. ज्याच्या शेतात राबलो, त्यानं आपल्याकडं एक दिवस राबून फेड करायची. तुमच्यात न्हाई का?'

न्हाई कसं म्हणू? हाय की! त्या फेडीवरच तर समदा गाव चालतोय. आन् आपला सोपान पुढं झाला. 'मामाच्या खाचरात तुमी राबलात, मामाची फेड मी करतो. उद्या येतो तुमच्या तंबूत.'

जमादारसुद्धा चपापला, त्याला वाटलं न्हवतं पोर एवढ्या झटक्यात गळाला लागंल. मी मग होती न्हवती ती अक्कल गोळा केली आन् म्हणलं, 'जमादार, तुमी एक दिवस राबलात. फेडबी एकाच दिवसाची. दिस मावळला की बैल ज्याच्या त्याच्या गोठ्यात. बोला, कबूल?'

त्यानं आबांच्या हातनं फेटा घेतला. मग म्हणाला, 'कबूल.'

पण गेणू, त्या तंबूत एकदा आत गेलेला बाहेर येतो का? एकदा अंगठा उठला की दिवस कुणाचा आन् रात कुणाची? सोपान आज पहाटंच लोणावळ्याला गेला, भरतीचा तंबू आता तितं ठेसनापाशी हाय. मीबी इरलं घेऊन निघालीय त्याच्या मागनं. मास्तरांना दारातच गाठून हे लिवून घेतलं. आज मावळतीला काय व्हतंय ते बघायचं.

अक्का


कार्ले, ता. ५ ऑगस्ट १९१७

गेणू, माझ्या जिवा,

हे पत्र टपालातनं येत न्हाई. ज्याच्या हातनं तुला मिळंल त्याचं नाव दत्तोबा शेलार. त्याच्यावर कुणी शाई फासणार न्हाई, म्हणून आज समदं बोलणार हाय. मास्तर घाम पुसत बसलेत, पण म्हणाले, आज एक शब्द गाळणार न्हाई.

पयलं हे की सोपान घरी हाय. आत्ता बांधावर गेलाय, भात वर आलंय. श्वास सोड आता. मीबी त्या दिवशी सोडला तो मावळतीलाच.

त्या दिवशी मी तंबूच्या बाहेर पावसात उभी हुते. शिपाई हाकलत होता, मी चार पावलं मागं व्हायची, परत पुढं यायची. आत साहेब टेबलाशी बसलेला, पोरांची रांग, कुणी छाती मोजतंय, कुणाचा अंगठा उठतोय. सोपान रांगंत उभा राहाय गेला. जमादारानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. 'तू आज माझा गडी हायस. भरतीला न्हाई, कामाला आलाईस. चल.' आन् ठेसनावर घेऊन गेला.

घाट चढून गाडी लोणावळ्याला थांबती, मागचं इंजिन सोडाय. त्या दिवशी आली ती जखमी शिपायांची गाडी, मुंबईच्या बंदरावरनं पुण्याच्या इस्पितळात निघालेली. जमादारानं सोपानच्या हातात बादली आन् तांब्या दिला. डब्यात चढ, मागंल त्याला पाणी दे. गाडी निघंपातूर पोरगं एका डब्यातनं दुसऱ्यात पाणी देत हुतं. मला खिडकीतनं त्याची पाठ दिसत हुती. काय काय बघितलं त्यानं ते मला अजून पुरतं सांगितलं न्हाई. एकाचे दोन्ही हात न्हवते, त्याच्या तोंडाला तांब्या लावला, एवढं सांगितलं. आपल्याच बोलीतला गडी होता, मावळातलाच. सोपाननं त्याला इचारलं, 'दादा, कशापायी लढलात?' तो म्हणाला, 'मला सांगितलं न्हाई कुणी. अजून पाणी दे.'

दिस मावळाय लागला तसा जमादार सोपानला घेऊन माझ्यापुढं आला. 'घ्या अंबूबाई. फेड झाली. तुमचा बैल तुमच्या गोठ्यात.' मागनं साहेबाचा आवाज येत हुता, चढलेला. इंग्रजी मला कळत न्हाई, पण शिवी कुठल्याबी भाषेत कळती. पोरगं तंबूच्या दारातनं परत घालवलं म्हणून चालला हुता तमाशा. जमादार ताठ उभा, पापणी लवली न्हाई त्याची. मी त्याला नीट हातसुद्धा जोडले न्हाईत, पोराला घेऊन पळत सुटले. घरी आले तवा सोपान म्हणाला, 'अक्का, न्हाई जात.' एवढंच. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, एवढा थोरला घोडा. मी त्याच्या केसातनं हात फिरवत राहिले.

आता पुढचं ऐक.

काल जमादार हितं आला. अंगावर नवं कापड, पाठीवर पिशवी. म्हणाला, 'बसऱ्याला चाललोय, गेणूला काय धाडायचं असंल तर द्या.' मी म्हणलं, तुमी तर हितं भरतीवर होता, तिकडं कसं? तो म्हणाला, 'माझा नंबर लागलाच हुता.' खोटं बोलला. पाटलाच्या माणसानं मला आधीच सांगितलं हुतं. साहेबानं वर कळवलं की या जमादाराची माणसं कमी पडत्यात, हा पोरं परत धाडतोय. मग हुकूम आला, ह्यालाच धाडा.

मी त्याला पाटावर बसवला. भाकरी वाढली. ह्या खेपंला कुठली रीत सांगितली न्हाई. तोच बोलत हुता. त्याचा धाकटा भाऊ तितंच गेला, गेल्या साली, कूत नावाच्या गावात कोंडून पडली हुती पलटण, खायला काय न्हवतं, तवा. म्हणाला, 'अंबूबाई, त्याला मीच भरती केला हुता. आई इचारती, कशासाठी गेला? मी पैलं बेल्जम सांगितलं, मग बगदाद सांगितलं. आता तिनं इचारायचं सोडून दिलंय.' मी इचारलं, खरं काय ते तुमाला तरी ठावं हाय का? तो हसला आन् म्हणाला, 'त्या दिवशी आबांनी इचारलं ना, शेत कुणाचं? तवापासनं मी तेच इचारतोय सवताला. कळलं तर गेणूबरोबर सांगावा धाडतो.'

मग लेकरागत म्हणाला, 'तुमच्या त्या ओढ्याकडच्या खाचरातलं भात कसं हाय?' मी त्याला घेऊन गेले दाखवाय. समद्यात उंच तेच हाय, गेणू. तो बांधावर बसला आन् कणसं न धरलेलं ते भात हातानं कुरवाळत राहिला. तवा मला भडभडून आलं. मी त्याच्यादेखत रडले. तो म्हणाला, 'रडताय कशाला, तुमच्या पोराची फेड झाली की.'

पोराची झाली. माझी कुटं झाली? त्यानं तुझ्या शेतात एक दिवस नांगर धरला, आन् त्याच्या बदल्यात माझ्या पोराला आक्खं आयुष्य दिलं, आन् आता सवता निघालाय, तुझ्याकडंच, त्याच आगीत. ही कुठली रीत? हिची फेड मी कशी करू? कुणाच्या खाचरात जाऊन राबू? त्याच्या आईच्या दारात जाऊन उभी राहू? जाईनबी, वाईला जाईन, पण तिला काय सांगू?

म्हणून तुला सांगते. तुला मागं एका पत्रातनं सांगितलं, जपून रहा. जाताना न्हाई सांगितलं, त्याची रुखरुख हाय, म्हणून उठता बसता मनात तेच म्हणत असते. आज तसं म्हणत न्हाई. त्याच्या संगं रहा. तो पुढं असंल तर तूबी पुढं हो. तो पडला तर त्याला उचल, मागं वळून बघू नकोस की तुझ्या अक्काचं काय व्हईल. आन् पाळीच आली तर, गेणू, त्याच्यासाठी तू सवताला जपू नकोस.

हे मी बोलले आन् मास्तरांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, 'अंबूबाई, तुमच्या सख्ख्या भावाला हे लिहू?' मी म्हणलं, पुसा. मग म्हणलं, राहू द्या. मग परत म्हणलं, पुसा, कसली बाई हाय मी, पुसा ते! सोपान बांधावरनं येऊन दारात उभा हुता, त्यानं समदं ऐकलं. तो म्हणाला, 'अक्का, राहू दे. मामाला राग न्हाई यायचा.'

जमादार रातच्याला हितंच राहिला, आता वसरीवर बसलाय, गाडीची येळ होत आली. पुसायला येळ न्हाई. दोघंबी या रं. दोघंबी या.

तुझी अक्का